ओळ क्रमांक चौदा

"सर, हा चौदा नंबरचा माणूस आजारी होता का हो?" कलावतीबाईंनी टाइपरायटरवरून बोटं न उचलता विचारलं आणि हरिहरने तोंडाशी नेलेला चहाचा कप अर्ध्यावर थांबवला. नौपाड्यातल्या त्यांच्या त्या एका खोलीत खाटेवर, टेबलाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर कुणाकुणाचे प्रबंध सुतळीने बांधून पडले होते. पंधरा वर्षं त्या हेच काम करत होत्या, आणि रसायन असो की अर्थशास्त्र, आपण फक्त अक्षरं बघतो, मजकूर वाचत नाही, असं प्रत्येकाला सांगत. आज त्यांनी वाचलं होतं. तक्ता पाच-तीन. एका इमारतीवरच्या एकवीस मजुरांच्या एकवीस ओळी, आणि प्रत्येकापुढे तीन रकाने : प्रत्यक्ष काम, पूरक काम, रिकामा. चौदाव्या ओळीत शेवटच्या रकान्यात चौऱ्याहत्तर टक्के. "बाकीचे सगळे वीस-तीसच्या घरात आहेत ना, म्हणून म्हटलं. लिहिताना आकडा चुकला असेल तर आत्ताच सांगा, मग खोडरबर चालत नाही." "आकडा बरोबर आहे," हरिहर म्हणाला. "मग एवढा वेळ करत काय होता तो?" "उभा होता." "नुसता?" कलावतीबाईंनी आता चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्यांना खरंच कुतूहल वाटलं होतं, बाकी काही नाही. हरिहरने कप खाली ठेवला. बाहेर रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं.

चौदा नंबरचं नाव गुणाजी होतं. नावं लिहायची नाहीत, प्रत्येकाला आकडा द्यायचा, हे हरिहरनेच ठरवलं होतं, आपल्या नोंदींमुळे कुणाला त्रास होऊ नये म्हणून. पण आकड्याच्या शेजारी कामाचं वर्णन लिहावंच लागत होतं, आणि 'विंचखालचा माणूस' असं वर्णन असलेला माणूस साऱ्या साइटवर एकच होता. हे तेव्हा त्याच्या लक्षात कसं आलं नाही, हा प्रश्न गेले नऊ महिने त्याच्या सोबत होता. दाढी करताना, वर्गात फळ्यावर तारखांच्या पट्ट्या काढताना, बायकोने, सरस्वतीने, वाढलेल्या पानासमोर बसताना. तो तंत्रनिकेतनात बांधकाम व्यवस्थापन शिकवत होता. सात वर्षं नोकरी सांभाळून पीएच.डी. करत होता, आणि या मार्चमध्ये नोंदणीची मुदत संपत होती. विषय त्याने उगाच निवडला नव्हता. त्याच्या वडिलांनी डोंबिवलीत नोंदवलेली दोन खोल्यांची जागा नऊ वर्षं बांधली जात होती. दर रविवारी ते छत्री घेऊन ती बघायला जायचे आणि परत येऊन सांगायचे, "आज चौघे होते कामावर. एक जण झोपला होता." एके वर्षी त्यांचं बघायला जाणं थांबलं, कारण त्यांना जिना उतरवेना, आणि जागेचा ताबा मिळाला तेव्हा ते नव्हते. इमारतीवरचा वेळ जातो कुठे, हे हरिहरला शोधून काढायचं होतं. ही इतकी साधी, इतकी रास्त इच्छा होती, की ती कधी कुणाच्या अंगावर येईल असं त्याला वाटण्याचं कारणच नव्हतं.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरपासून चार महिने तो मानपाडा रस्त्याच्या आतल्या बाजूला, एका चार मजली इमारतीवर जात होता. विटांच्या चळतीपाशी उभं राहायचं, हातात पाटी, पाटीवर छापील तक्ता, मनगटावर घड्याळ. आधीच काढून ठेवलेल्या मिनिटांच्या यादीप्रमाणे, नऊ वाजून सात, नऊ वाजून बावीस, नऊ वाजून एकतीस, मान वर करायची आणि एकेका माणसाकडे एक क्षण बघायचं. त्या क्षणी तो काय करतो आहे, तेवढीच खूण करायची. मागचं विचारायचं नाही, पुढचं धरायचं नाही. पद्धतीचं सगळं बळ यातच होतं. कारखान्यांच्या चिमण्यांचा आंबूस वास सकाळी नाकात चढायचा आणि दुपारपर्यंत त्याची सवय व्हायची. खुणा वाढत चालल्या तसतसा त्याला एक विलक्षण आनंद व्हायला लागला होता. समोरच्या त्या धुळीच्या, आरडाओरड्याच्या गोंधळातून स्वच्छ आकडे निघत होते. सुरुवातीला मजूर त्याला बिचकून होते. मग शेवंतीने ती भीड मोडली. ती गवंडी धोंडीबाची बायको, सोलापूरकडची. डोक्यावर घमेलं आणि तोंडात सतत काहीतरी बोलणं. "मास्तर, आमचं काय लिवलं आज?" "काम करत होतीस असं लिहिलं." "आन मगाशी पदर खोचाय थांबले तवा?" "तेव्हा बघितलं नाही." "बघा की मग. आमच्याकडं बघायचाच तर पगार घेता तुमी," आणि ती हसत, मान न हलवता, घमेलं घेऊन निघून जायची. तिच्या नवव्या ओळीत 'रिकामा'चं प्रमाण सर्वांत कमी होतं. एकोणीस टक्के. हे त्याने तिला सांगितलं तेव्हा तिने धोंडीबाला हाक मारून सांगितलं होतं, "ऐकलं का, मी समद्यांत पुढं हाय." धोंडीबा हसला नव्हता. हातातल्या करणीने त्याने विटेवरचा जास्तीचा माल काढला आणि पाठ फिरवली.

गुणाजी मात्र कधी काही विचारत नसे. दिव्याच्या पलीकडच्या खाडीकाठच्या गावातला कोळी. पन्नाशी उलटलेला, काळा, रुंद पावलांचा. खाडीत मासळी उरली नाही तेव्हा होडी ओढून ठेवून इकडे आला, एवढंच हरिहरला माहीत होतं. विंच सुरू झाली, की मालाने भरलेला लोखंडी डबा दोरावरून वर चढायचा, आणि गुणाजी डब्याच्या खालच्या मोकळ्या जागेच्या कडेला उभा राहायचा. पाण्याची टाकी पलीकडे होती, बायकांना तिकडे जायचा जवळचा रस्ता नेमका त्या जागेतून जात होता. कुणी आली, की गुणाजी नुसता हात आडवा करायचा. ओरडायचा नाही. डबा वर पोचला की हात खाली. डबा उतरताना पुन्हा आडवा. हे सगळं हरिहरने शंभरदा पाहिलं होतं. पण ज्या क्षणी घड्याळाप्रमाणे बघायचं, त्या क्षणी बहुतेकदा गुणाजीचा हात खाली असायचा, नजर वर दोराकडे असायची आणि तो काहीही उचलत नसायचा, ओढत नसायचा, रचत नसायचा. खुणेसाठी तीनच रकाने होते. हरिहर खूण करायचा आणि पुढच्या माणसाकडे वळायचा. एकदा, जानेवारीत असेल, पेन्सिल त्या रकान्यावर क्षणभर थबकली होती. ते थबकणं त्याला अजून बोटांत जाणवायचं. पण घड्याळाचा काटा पुढे गेला होता आणि अजून सात माणसं बघायची राहिली होती.

मार्चमध्ये निरीक्षणं संपली. ठेकेदार शिवराम पांढऱ्या स्कूटरवर येऊन थांबला आणि म्हणाला, "मास्तर, चार महिने आमच्या साइटवर उभे राहिलात, आम्ही काय बोललो नाही. आता आम्हाला पण दाखवा ना काय काढलंत ते." सात वर्षांत प्रबंधातलं काही बघायचंय असं प्रथमच कुणीतरी म्हणत होतं. गाइड सर प्रकरणं चाळून स्वल्पविराम दुरुस्त करत. सरस्वती "झालं का" एवढंच विचारी. हरिहरने दोन रात्री बसून, सोप्या मराठीत, दोन पानांचा गोषवारा तयार केला. पहिल्या पानावर त्याने लिहिलं होतं, की मजुरांचा बराचसा रिकामा वेळ मिक्सर वेळेवर न लागल्याने आणि माल उशिरा आल्याने जातो, दोष व्यवस्थेचा आहे. दुसऱ्या पानावर तक्ता होता. शिवरामने पहिलं पान उलटलं. तक्त्यावरून बोट खाली नेत चौदाव्या ओळीपाशी थांबला आणि मनापासून हसला. "डोळे उघडलेत तुम्ही आमचे, मास्तर. हे असं कोण सांगतं आम्हाला?" त्या वेळी हरिहरला काय वाटलं होतं, ते त्याला पक्कं आठवत होतं, आणि तेच विसरावं असं वाटत होतं. त्याला धन्य वाटलं होतं. परत येताना तो मानपाड्यापासून घरापर्यंत चालत आला होता आणि वाटेत सरस्वतीसाठी त्याने मोगऱ्याचा गजरा घेतला होता.

पुढच्या सोमवारी तंत्रनिकेतनाच्या फाटकापाशी गुणाजी उभा होता. धुतलेला सदरा घालून आला होता. "मास्तर, मना काढला," तो म्हणाला. "शेठ बोलतो, तुजा काय काम नाय. मास्तरनी लिवून दिलाय." हरिहर त्याला बाजूला घेऊन गेला. मुलं येत-जात होती. "मी असं नाही लिहिलं, गुणाजी. मी फक्त..." "मी कवा बसलेला बगितलाव? कवा तरी बसलो?" "नाही." "मंग? मी उभाच व्हतो ना." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. हिशेब जुळत नसल्यासारखा तो बोलत होता, आणि शिकलेल्या माणसाने जुळवून द्यावा एवढीच त्याची अपेक्षा दिसत होती. "मी शिवरामशी बोलतो," हरिहर म्हणाला. "आज?" "आज परीक्षेचे पेपर आहेत. दोन दिवसांत जातो." गुणाजीने मान डोलावली आणि तो निघाला. फाटकाबाहेर गेल्यावर त्याने वळून पाहिलं, आणि हरिहरने उगाचच हात वर केला.

दोन दिवसांत तो गेला नाही. पेपर होते, हे खरं होतं. पण पेपर रोज चारला संपत होते. ठेकेदाराला काय सांगायचं, हे त्याला नीट मांडता येत नव्हतं. आपलाच आकडा चूक आहे असं सांगायचं? आकडा चूक नव्हता. आकडा बरोबर असून माणूस लागतो, असं म्हणायचं? मग आकडा कशाला? रात्री तो कागद घेऊन बसायचा आणि वाक्यं खोडायचा. त्याला शिवरामसमोर मूर्ख दिसायचं नव्हतं. ज्या माणसाने त्याचं काम वाचलं त्याच्यासमोर तर मुळीच नाही. असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी, शनिवारी, तो साइटवर पोचला तेव्हा विंच बंद होती. मजूर सावलीत गप्प बसले होते आणि विंचखालच्या जागेवर कुणीतरी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पसरल्या होत्या. मुकादमाने त्याला सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी डबा वर जाताना दोराचा लोखंडी आकडा निसटला. शेवंती हंडा घेऊन टाकीकडे निघाली होती, जवळच्या रस्त्याने. कल्याणच्या दवाखान्यात नेईपर्यंतच गेली. धोंडीबा तिला घेऊन गावी गेला. "नशीब म्हणायचं," मुकादम म्हणाला. "इतक्या दिवसांत कधी निसटला नाही." हरिहरने विचारलं, "खाली कुणी नव्हतं?" मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "तुम्हाला माहीत नाय?" आणि विडी पेटवायला पलीकडे गेला. पंचनाम्यात आकड्याची झीज लिहिली गेली. खाली माणूस असायला हवा होता की नाही, हे कुणी विचारलं नाही. विचारणारा एकच असू शकत होता, आणि तो त्या दिवशी कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेने उन्हात कितीतरी वेळ चालत राहिला.

गाइड सरांना त्याने सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण हरिहर, तुझ्या तक्त्याने आकडा निसटला नाही." "सर, मला चौथा रकाना घालायचा आहे. लक्ष ठेवणं. तेही काम होतं. मी ते बघत होतो, पण माझ्याकडे त्याला जागा नव्हती." "निरीक्षणं झाल्यानंतर रकाने बदलायचे? याला काय म्हणतात, तुला ठाऊक आहे. परीक्षक पहिल्याच पानावर परत पाठवतील." "मग निरीक्षणं पुन्हा करतो." "मार्चपर्यंत? आणि कुठे? तुला आता कोण उभं करणार आहे?" सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शेवटच्या प्रकरणात एक वाक्य घाल. पुढील संशोधनाला वाव आहे, असं. तुझ्या मनाला तेवढंच." त्या 'तेवढंच'चा हरिहरला राग आला नाही, आणि राग आला नाही याचीच त्याला त्या संध्याकाळी भीती वाटली.

"सर?" कलावतीबाई थांबल्या होत्या. "चौऱ्याहत्तरच ठेवू ना?" हा कागद इथल्या इथे काढून घ्यावा, सुतळी बांधावी आणि खाडीकाठी जाऊन एखाद्या खडकाखाली ठेवून द्यावा, असं त्याला वाटलं. सात वर्षं. सरस्वतीने या सात वर्षांत एकही सुट्टी मागितली नव्हती. "ठेवा," तो म्हणाला. टाइपरायटरने सात उमटवला, मग चार. दोन छोटे आवाज.

प्रबंध बांधून आला त्या आठवड्यात तो गुणाजीच्या गावी गेला. घर शोधायला वेळ लागला नाही. गुणाजी ओट्यावर बसून जुनं जाळं उसवत होता. त्याची बायको मंजुळा आतून पाणी घेऊन आली आणि दारात टेकून उभी राहिली. हरिहरने बोलायला सुरुवात केली आणि त्याला कळलं, की त्याने पाठ केलेलं एकही वाक्य इथे चालणार नाही. "चूक माझी होती," एवढंच तो म्हणाला. गुणाजी जाळ्याच्या गाठी सोडवत राहिला. "मना मुकादमानी सांगितला," तो म्हणाला. "ती पोरगी लय बोलाची. मी हात आडवा केला, का बोलाची, बाबा, जकातनाका लावलाव काय." मग त्याने विचारलं, "तुमचा पुस्तक जाला?" "झालं." "माजा नाव हाय त्यान?" "नाही. चौदा नंबर आहे." "आनी तिचा?" "नऊ." गुणाजीने मान हलवली, जणू भरतीची वेळ कुणी सांगितली आणि ती त्याने ध्यानात ठेवली. "परत नव्यान लिवता नाय यनार?" मंजुळाने दारातून विचारलं. हरिहरने खाली बघून सांगितलं, की आता ते छापलं गेलं आहे. निघताना गुणाजी त्याला बांधापर्यंत सोडायला आला, आणि तेवढी वाट ते दोघे खारट चिखलाचा वास घेत चालले.

तोंडी परीक्षा नव्वदच्या उन्हाळ्यात झाली. बाहेरून आलेले परीक्षक थोर विद्वान होते, मृदू बोलणारे. त्यांनी तक्ता पाच-तीन उघडला. "हा चौदावा मजूर," ते म्हणाले, "तुमच्या प्रबंधातला सर्वांत ठळक निष्कर्ष. एकाच नजरेत वाया जाणारं मनुष्यबळ दिसतं. यावर स्वतंत्र लेख लिहा." हीच ती जागा होती. सांगायचं तर इथे सांगायचं होतं, साक्षीदारांसमोर. हरिहरने तोंड उघडलं. गाइड सर टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. "तो माणूस लक्ष ठेवत होता, सर," तो म्हणाला. "सुरक्षिततेसाठी." परीक्षकांनी आस्थेने मान डोलावली. "शक्य आहे. पण ते तुमच्या नोंदीत नाही ना?" "नाही." "मग आपण नोंदीत आहे तेवढंच बोलू," ते म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. वीस मिनिटांनी त्यांनी उठून त्याचा हात हातात घेतला आणि त्याला डॉक्टर म्हटलं. सरस्वतीने शेजाऱ्यांना पेढे वाटले. तंत्रनिकेतनाने दारावर नवी पाटी लावली. शिवरामने नारळ आणि शाल पाठवली, आणि चिठ्ठीत लिहिलं, की तुमच्या पद्धतीने आता आमच्या पाचही साइटवर माणसं कमी केली आहेत.

त्या चिठ्ठीनंतर हरिहर शिवरामच्या ऑफिसात एकदा गेला, दोनदा गेला. विंचखाली माणूस ठेवा, असं त्याने लेखी दिलं. शिवरामने कागद आदराने घेतला आणि खणात ठेवला. तिसऱ्या वेळी शिवराम भेटला नाही. महापालिकेतल्या एका साहेबाने त्याला बसवून घेतलं, ऐकून घेतलं, आणि हे आमच्या खात्याकडे येत नाही असं सांगितलं. मग एकच गोष्ट उरली, असं त्याला वाटू लागलं. धोंडीबाला सांगायचं. क्षमा मागायची नाही. ती मागण्याचा हक्क आपल्याला नाही, हे त्याला कळत होतं. फक्त त्या माणसाला खरं काय ते माहीत असावं. नशीब म्हणून त्याने आयुष्य काढू नये. हा विचार मनात आला त्या रात्री हरिहरला कितीतरी महिन्यांनी गाढ झोप लागली.

धोंडीबा परत आला आहे आणि शीळफाट्याजवळच्या एका नव्या कामावर आहे, हे कळायला एक्क्याण्णवचा फेब्रुवारी उजाडला. हरिहर दुपारी तिथे पोचला. जेवणाची सुट्टी असावी. तळमजल्याच्या खांबांमध्ये दहा-बारा माणसं बसली होती. कुणी भाकरी खात होतं, कुणी पाय पसरून पडलं होतं, हौसाबाई नावाची एक म्हातारी, जुन्या साइटवरची सातवी ओळ, भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. धोंडीबा कडेला एकटा होता. तो खूप वाळला होता. हरिहर रिकाम्या हातांनी आला होता, पाटी नव्हती, पेन्सिल नव्हती. घड्याळसुद्धा त्याने आठवणीने घरी ठेवलं होतं. "धोंडीबा," त्याने हाक मारली. धोंडीबाने वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दुःख नव्हतं, रागही नव्हता. तो घाईघाईने उठला. भाकरीचा तुकडा त्याने फडक्यात गुंडाळला आणि करणी हातात घेतली.

"बस ना. मला तुझ्याशी बोलायचंय. शेवंतीबद्दल."

"मास्तर, तुमी जावा," धोंडीबा खालच्या आवाजात म्हणाला. त्याची नजर मुकादमाच्या पत्र्याच्या खोपटाकडे होती. "हितं नगा थांबू."

"दोन मिनिटं. तिच्या मरणाला कारण..."

"मला काय सांगू नगा. हात जोडतो." त्याने खरोखरच करणीसकट हात जोडले. "मागच्या साइटीवर तुमच्या कागदानं सहा जण गेले. तुमी हितं दिसला की उद्या अजून कुणाचं तरी जातंय. माझी म्हातारी हाय घरी. तुमी जावा."

त्याच्या मागे कुणीतरी हलक्या आवाजात "घड्याळवाला मास्तर" म्हणालं. हरिहर वळला. पडलेली माणसं उठत होती. भाकऱ्या झाकल्या जात होत्या. एकाने फावडं घेतलं आणि आधीच सारखी केलेली वाळू तो पुन्हा सारखी करू लागला. मिक्सर बंद होता, माल कुठेच नव्हता. हौसाबाईने डोळे उघडले, हरिहरला पाहिलं, भिंतीला धरून ती उठली, आणि शेजारचं घमेलं उचलून तिने डोक्यावर ठेवलं. घमेलं रिकामं होतं. ते एका हाताने सावरत ती त्याच्यासमोरून खांबांच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, वळली, आणि परत येऊ लागली.

"मी लिहीत नाही," हरिहर म्हणाला. "अहो, मी काही लिहीत नाही आहे."

कुणी थांबलं नाही. तो रस्त्यापर्यंत मागे सरत गेला. ट्रकच्या धुळीतून त्याने पाहिलं, तो नजरेआड होण्याची वाट बघत ते सगळे काम करत होते.